त्रूहीयो

त्रूहीयो : स्पेनच्या पश्चिम भागातील एक लहान ऐतिहासिक नगर. लोकसंख्या सु. ९,०००. एस्त्रेमादुरा विभागाच्या कासेरेस प्रांतात, माद्रिदच्या नैर्ऋत्येस सु. २५० किमी. व कासेरेस या प्रांतिक राजधानीच्या पूर्वेस सु. ४७ किमी. अंतरावर, समुद्रसपाटीपासून सु. ५६४ मी. उंचीच्या ग्रॅनाइटी टेकडीवर ते वसले आहे. माद्रिद–बादाहोस–लिस्बन हा महामार्ग टेकडीच्या पायथ्यावरून जातो. मात्र नगरास लोहमार्ग नाही. पेरूचा विजेता फ्रान्सिस्को पिझारो व ॲमेझॉन नदीचा प्रवाह प्रथम उगमाकडील भागातून मुखापर्यंत पार करणारा फ्रान्सिस्को दे ओरेयाना यांचे जन्मस्थान म्हणून त्रूहीयोस प्रसिद्धी लाभली. मध्ययुगीन तटबंदी, मूरांचा किल्ला आणि अमेरिकेतून आलेल्या संपत्तीवर उभे राहिलेले सोळाव्या-सतराव्या शतकांतील वाडे यांमुळे १९६२ मध्ये स्पेनच्या शासनाने संपूर्ण जुन्या नगरास ऐतिहासिक व कलात्मक वास्तुसमूहाचा दर्जा दिला.

टेगस व ग्वाद्याना या दोन नद्यांच्या खोऱ्यांमधील ओसाड वाटणाऱ्या पठारावर हे नगर आहे. आसमंतात ग्रॅनाइटच्या गोलसर, प्रचंड शिळा विखुरलेल्या असून त्यांच्या अधूनमधून सदाहरित ओकची विरळ राने व गवताळ कुरणे दिसतात. माती पातळ, उन्हाळा अतिशय कडक आणि पाऊस बेताचा. त्यामुळे येथील शेती कधीच समृद्ध नव्हती. मेंढपाळी आणि ओकच्या फळांवर पोसली जाणारी काळी डुकरे हेच या भूमीचे जुने उत्पन्न. हिवाळ्यात उत्तरेकडील थंड मुलुखांतून लक्षावधी मेंढ्या एस्त्रेमादुराच्या कुरणांत उतरत. कुरणे मात्र मूठभर घराण्यांच्या, धार्मिक लष्करी पंथांच्या आणि नगरपालिकांच्या मालकीची होती. वडिलोपार्जित मालमत्ता अखंड राहावी म्हणून ती ज्येष्ठ पुत्राकडे जाई व धाकट्या मुलांना सैन्य, मठ अथवा देशांतर एवढेच मार्ग उरत. या नगराचा पुढील इतिहास समजून घेताना ही परिस्थिती ध्यानी ठेवणे आवश्यक आहे.

रोमन काळात या वस्तीचे नाव तुर्गाल्यम असे होते. ती एमेरिता ऑगुस्ता (सध्याचे मेरिदा) या नगराच्या अधिकारक्षेत्रात मोडत असे व मेरिदाहून टोलेडोकडे जाणाऱ्या मार्गावर होती. रोमन काळातील कोरीव दगड, विशेषतः थडग्यांवरील शिलालेख, पुढे तटबंदीत व चर्चच्या भिंतींत सर्रास वापरले गेले. व्हिसिगॉथ अंमलाच्या खुणा तुरळक आहेत. आठव्या शतकाच्या आरंभी मुसलमानांनी आयबेरियन द्वीपकल्प जिंकले, तेव्हा या टेकडीला प्रथमच खरे लष्करी महत्त्व प्राप्त झाले. माथ्यावरील किल्ला हा त्याच काळातील होय. चौकोनी बुरुजांनी जोडलेल्या उंच भिंती, घोड्याच्या नालाच्या आकाराची कमान असलेला दरवाजा आणि मुख्य तटापासून काहीशा पुढे बांधलेले बुरूज ही त्याची वैशिष्ट्ये आहेत. दगडाच्या टेकडीवर विहिरींचा भरवसा नसल्याने पावसाचे पाणी साठविण्यासाठी किल्ल्यात भूमिगत टाकी बांधण्यात आली, तर तटाच्या आतील वस्तीत खडकात कोरलेला पायऱ्यांचा खोल हौद आजही पाहावयास मिळतो. पाण्याची सोय पाहिल्याशिवाय एखाद्या डोंगरी किल्ल्याचे बळ कळत नाही, हे सह्याद्रीतील दुर्ग पाहिलेल्या वाचकास वेगळे सांगावयास नको.

बाराव्या शतकात त्रूहीयो सरहद्दीवर आले. ‘निर्भय’ या बिरुदाने ओळखला जाणारा पोर्तुगीज साहसी सेनानी झेराल्दू याने ११६५ मध्ये ते घेतले. अंधाऱ्या, वादळी रात्री शिड्या लावून तट चढावयाचा, ही त्याची ठरलेली पद्धत होती. चार वर्षांनी तो लेओनच्या राजाच्या हाती सापडला, तेव्हा सुटकेच्या मोबदल्यात त्याने जिंकलेली काही ठाणी सोडून दिली. त्यांपैकी त्रूहीयो हे फेर्नांदो रोद्रीगेस दे कास्त्रो या सरदाराकडे गेले. पुढे ते कॅस्टीलच्या आठव्या आल्फोन्सोच्या ताब्यात आले. परंतु ११९५ मधील आलार्कोसच्या लढाईत आल्फोन्सोचा दारुण पराभव झाल्यावर दुसऱ्याच वर्षी अल्मोहाद खलीफाने ते परत जिंकले. अखेर जानेवारी १२३२ मध्ये (काहींच्या मते १२३३ मध्ये) लष्करी पंथांचे योद्धे व प्लासेन्सियाच्या बिशपचे सैन्य यांनी ते कायमचे कॅस्टीलच्या राज्यास जोडले. हल्ला करणारे माघार घेण्याच्या बेतात असताना तटावरील दोन बुरुजांच्या मध्ये कुमारी मेरी प्रकट झाली, अशी आख्यायिका असून नगराच्या मानचिन्हावर हेच दृश्य आहे. ‘विजयमाता’ या नावाने ती आजही नगराची अधिष्ठात्री मानली जाते.

या विजयानंतर तटाच्या आतील भाग सरदार घराण्यांनी आपापसांत वाटून घेतला. आल्तामिरानो, बेहारानो आणि आन्यास्को या तीन कुळांत नगराची अधिकारपदे विभागली जात व त्यांतील अर्धा वाटा आल्तामिरानोंचा असे. प्रत्येक कुळाने आपल्या घराभोवती लहानसा गढीवजा कोट बांधला. बेहारानो घराण्याची गढी व लुईस दे चावेसचा वाडा यांचे बुरूज या भाऊबंदकीची साक्ष देतात. व्यापारी, कारागीर व ज्यू यांची वस्ती मात्र तटाबाहेर, बाजाराच्या मैदानाभोवती वाढली. १४३० मध्ये दुसऱ्या हुआन राजाने त्रूहीयोस शहराचा दर्जा दिला. इझाबेलाच्या वारसाहक्काच्या युद्धात किल्ला विरोधी पक्षाच्या सरदाराकडे होता. तो ताब्यात घेण्यासाठी राणी १४७७ मध्ये जातीने येथे आली. १४७९ मध्ये पोर्तुगालशी चाललेल्या वाटाघाटींच्या काळातही तिचा मुक्काम बराच काळ येथे होता. या वाटाघाटींतून निष्पन्न झालेल्या आल्कासोव्हसच्या तहाने आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील नौकानयनाचा हक्क पोर्तुगालला मिळाला. पोर्तुगीजांचे गोव्यापर्यंत येणे ज्या मार्गाने झाले, त्या मार्गाला मिळालेली ही पहिली मोठी राजमान्यता होय. तेव्हा गोमंतकाच्या इतिहासाचा एक दूरचा धागा या टेकडीपर्यंत पोहोचतो, असे म्हणावयास हरकत नाही. तेरा वर्षांनी, १४९२ मध्ये, त्याच राणीच्या आज्ञेने येथील ज्यूंना देश सोडावा लागला. त्यांच्या प्रार्थनास्थळाची आठवण आता एका घरात सापडलेल्या हिब्रू कोरीव लेखापुरतीच उरली आहे.

फ्रान्सिस्को पिझारो (सु. १४७५–१५४१) हा गोन्सालो पिझारो या लष्करी अधिकाऱ्याचा अनौरस पुत्र होता. आई फ्रान्सिस्का गोन्सालेस ही सामान्य कुटुंबातील मोलकरीण होती. पित्याने मृत्युपत्रातदेखील त्याचा उल्लेख केला नाही व त्याला लिहितावाचता कधीच आले नाही. लहानपणी तो डुकरे राखीत असे, ही सर्वतोमुखी झालेली कथा गोमारा या सोळाव्या शतकातील इतिहासकाराने पसरविली. गोमारा हा एर्नान कोर्तेसच्या पदरी होता व पिझारो घराण्याविषयी त्याला प्रेम नव्हते. म्हणून ही कथा जपूनच स्वीकारावयास हवी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पाठ्यपुस्तकांतून ती निर्विवाद सत्य म्हणून छापली जात असे. १५०२ च्या सुमारास तो अमेरिकेस गेला. १५१३ मध्ये पॅसिफिक महासागर प्रथम पाहणाऱ्या बाल्बोआच्या तुकडीत तो होता. दक्षिणेकडील श्रीमंत राज्याच्या वार्ता ऐकून त्याने दोन मोहिमा काढल्या आणि त्यांतील हालअपेष्टांनंतर १५२८-२९ मध्ये तो स्पेनला परतला. २६ जुलै १५२९ रोजी टोलेडो येथे झालेल्या करारान्वये त्यास पेरू जिंकण्याचा परवाना मिळाला.

त्यानंतर तो त्रूहीयोत आला. ज्या गावाने त्यास नाव देण्याचेही टाळले होते, त्या गावात पन्नाशीच्या घरातील हा माणूस आता राजाचा नियुक्त राज्यपाल म्हणून सैनिक गोळा करीत होता. पित्याचा एकमेव औरस पुत्र एर्नांदो, हुआन व गोन्सालो हे दोन अनौरस भाऊ आणि आईकडून सावत्र भाऊ असलेला मार्तीन दे आल्कांतारा हे चौघेही त्यास मिळाले. गावातील व आसपासच्या खेड्यांतील अनेक तरुणही निघाले. जमिनीचा तुकडा नसलेल्या, पण कुळाचा अभिमान असलेल्या या तरुणांना समुद्रापलीकडे काय आहे हे ठाऊक नव्हते. गावात काय नाही, हे मात्र ते पुरते जाणून होते.

१६ नोव्हेंबर १५३२ रोजी काहामार्का येथे १६८ स्पॅनिश सैनिकांनी इंका सम्राट आतावाल्पा यास दगाबाजीने कैद केले व त्याच्याबरोबरच्या हजारो निःशस्त्र लोकांची कत्तल केली. सुटकेसाठी सम्राटाने एक दालन सोन्याच्या वस्तूंनी व त्याच्या दुप्पट चांदीने भरून देण्याचे मान्य केले आणि ते वचन पाळलेही. मंदिरांतील पत्रे, भांडी, मूर्ती हे सर्व वितळविण्यात आले. वितळविलेले सोने सु. ६ टन व चांदी ११ टनांहून अधिक भरली. राजाचा पाचवा हिस्सा वेगळा काढल्यावर पायदळाच्या सैनिकास सु. २० किग्रॅ. सोने व ४० किग्रॅ. चांदी, तर घोडेस्वारास त्याच्या जवळजवळ दुप्पट वाटा मिळाला. खंडणी पुरी होऊनही जुलै १५३३ मध्ये आतावाल्पास गळा आवळून ठार मारण्यात आले. त्या भट्टीत इंका सुवर्णकारांची पिढ्यान्‌पिढ्यांची कला नाहीशी झाली. आज जगातील संग्रहालयांतून या कलेचे जे थोडे नमुने दिसतात, ते प्रामुख्याने भट्टीतून वा लुटारूंच्या हातून निसटलेले आहेत. स्पेनच्या अनेक नगरांप्रमाणे त्रूहीयोचे वैभवही या वितळविलेल्या धातूवर उभे आहे, ही गोष्ट तेथील सुंदर वाडे पाहताना नजरेआड करता येत नाही.

राजाचा हिस्सा घेऊन एर्नांदो १५३४ च्या आरंभी सेव्हिल बंदरात उतरला. पाठोपाठ काही सैनिक आपापला वाटा घेऊन गावी परतले. पण हाती आलेले धन पुष्कळांच्या हाती धनाच्या रूपात राहिले नाही. युद्धांमुळे सदैव कर्जबाजारी असलेल्या पाचव्या चार्ल्सने खासगी सोनेचांदी जप्त करून त्याऐवजी वार्षिक व्याज देणारे सरकारी रोखे दिले. जे शिल्लक राहिले, ते परतलेल्यांनी कुरणे, गहाणखते, मुलींचे हुंडे, चर्चमधील खासगी प्रार्थनागृहे आणि दर्शनी वाडे यांत गुंतविले. शतकाच्या उत्तरार्धात राजाने पैशासाठी त्रूहीयोच्या अखत्यारीतील खेडी विकावयास काढली, तेव्हा अशा धनिकांनी ती विकत घेऊन आपले जहागीरदारीचे स्वप्न पुरे केले. परिणामी नगराचे अधिकारक्षेत्र आक्रसले. लोकर या भागात मुबलक होती, तरी ती विणण्याचा मोठा उद्योग येथे उभा राहिला नाही. जमिनीची जुनी विभागणी जशीच्या तशी राहिली, केवळ मालकांत काही नव्या नावांची भर पडली आणि निर्धनांचे देशांतर पूर्ववत चालू राहिले.

पिझारो बंधूंपैकी एर्नांदो तेवढा म्हाताऱ्या वयात स्वाभाविक मृत्यूने मरण पावला. हुआन १५३६ मध्ये कूस्कोच्या वेढ्यात मारला गेला. फ्रान्सिस्को आणि मार्तीन दे आल्कांतारा यांचा २६ जून १५४१ रोजी लिमा येथे आल्माग्रोच्या अनुयायांनी खून केला. राजाविरुद्ध बंड करणाऱ्या गोन्सालोचा १५४८ मध्ये शिरच्छेद झाला. आल्माग्रो हा फ्रान्सिस्कोचा जुना भागीदार. १५३८ मध्ये एर्नांदोने त्याचा पराभव करून त्याला मृत्युदंड दिला होता व त्याबद्दल स्पेनमध्ये परतताच एर्नांदोस अटक झाली. मेदिना देल काम्पोजवळील ला मोता किल्ल्यात १५६१ पर्यंत तो कैदेत होता. कैद असली, तरी नोकरचाकर व संपत्तीचा कारभार यांस आडकाठी नव्हती.

या किल्ल्यातच १५५२ मध्ये त्याने आपली पुतणी फ्रान्सिस्का पिझारो युपांकी हिच्याशी विवाह केला. फ्रान्सिस्का (१५३४–९८) ही फ्रान्सिस्को पिझारो व इंका राजकन्या इनेस वायलास युपांकी यांची मुलगी. म्हणजे वाइना कापाक या इंका सम्राटाची नात आणि आतावाल्पाची भाची. वडिलांच्या खुनाच्या वेळी ती सहा वर्षांची होती. पेरूमध्ये तिच्याभोवती राजकीय पक्ष उभा राहील, या भीतीने राजाने तिला १५५१ मध्ये स्पेनला पाठवून दिले. विवाहसमयी तिचे वय सु. १८ वर्षांचे, तर चुलत्याचे पन्नाशीच्या आसपास होते. घराण्याची विखुरलेली संपत्ती एकत्र ठेवणे हाच या विवाहाचा उघड हेतू होता. यात फ्रान्सिस्काची स्वतःची इच्छा कितपत होती, याचा उल्लेख त्या काळच्या कागदपत्रांत अपेक्षिणेच व्यर्थ आहे. पुढील नऊ वर्षे तिनेही किल्ल्यात काढली. सुटकेनंतर दोघे त्रूहीयो परिसरात स्थायिक झाले आणि त्यांनी नगराच्या मुख्य चौकात ‘विजयवाडा’ बांधावयास घेतला. एर्नांदो १५७८ मध्ये वारला. तीन वर्षांनी फ्रान्सिस्काने पेद्रो आरियास पोर्तोकार्रेरो या उमरावाशी दुसरा विवाह केला व उर्वरित आयुष्य माद्रिदच्या दरबारी वर्तुळात घालविले. घराण्याच्या इतिहासात स्वतःच्या मर्जीने राहिलेली ती पहिली स्त्री असावी.

विजयवाड्याच्या कोपऱ्यावरील सज्जा हे त्रूहीयोतील सर्वांत प्रसिद्ध शिल्प होय. दोन भिंती जेथे मिळतात तेथेच कोन फोडून खिडकी काढावयाची, ही या गावाच्या वाड्यांची खास लकब आहे. सज्जावर भल्या मोठ्या दगडी कुलचिन्हात राजाने पिझारोस दिलेली चिन्हे कोरली असून त्यांत साखळदंडांनी जखडलेला आतावाल्पा व तसेच बांधलेले सात सरदार दिसतात. सज्जाच्या दोन्ही अंगांस चार अर्धपुतळे आहेत : एका बाजूस फ्रान्सिस्को पिझारो व इनेस वायलास, दुसऱ्या बाजूस एर्नांदो व फ्रान्सिस्का. आपल्या मामाची बेडी घातलेली प्रतिमा ज्या दारावर आहे, त्याच दाराच्या बाजूस घराची मालकीण म्हणून फ्रान्सिस्काचा चेहरा आहे. विजेत्यांनी पराभूतांच्या राजवंशाचा मान आपल्या कुलाभिमानासाठी कसा वापरला, हे दाखविणारे याहून बोलके शिल्प सोळाव्या शतकातील स्पेनमध्ये क्वचितच आढळेल. छपराच्या कठड्यावरील बारा पुतळे वर्षाच्या महिन्यांचे समजले जातात. वाड्याचे अंतरंग अठराव्या शतकातील फेरफारांमुळे बरेच बदलले आहे.

पेरूतील बंडामुळे पिझारो नावास लागलेला कलंक पुसण्याचा प्रयत्न वंशजांनी पुढेही चालू ठेवला. १६३१ मध्ये त्यांस ‘विजयाचा मार्क्विस’ हा किताब मिळाला. त्याच सुमारास, १६२६ ते १६२९ या काळात, प्रसिद्ध नाटककार तिर्सो दे मोलिना हा येथील मर्सिडेरियन मठाचा प्रमुख होता. पिझारो बंधूंचे गुणगान करणारी तीन नाटके त्याने लिहिली. ती वंशजांच्या इच्छेला अनुकूल होती, हे उघड आहे. त्यापूर्वी सर्व्हँटीसने आपल्या अखेरच्या, १६१७ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत त्रूहीयोचे दोन सरदार फ्रान्सिस्को पिझारो व हुआन दे ओरेयाना या नावांनी रंगविले आहेत. तो येथील पिझारो-ओरेयाना वाड्यात उतरला होता, असे परंपरा सांगते.

नगराच्या इतर पुत्रांपैकी फ्रान्सिस्को दे ओरेयाना (सु. १५११–४६) हा पिझारोंचा आप्त होता. दालचिनीच्या व सोन्याच्या शोधात गोन्सालो पिझारोने १५४१ मध्ये कीटोहून काढलेल्या मोहिमेत तो सामील झाला. अन्न आणण्यासाठी नदीतून पुढे गेलेला ओरेयाना परतलाच नाही; प्रवाहाबरोबर जात तो २६ ऑगस्ट १५४२ रोजी अटलांटिक महासागरात पोहोचला. हा विश्वासघात होता की प्रवाहापुढे झालेला नाइलाज, यावर वाद आहे. गोन्सालोने त्यास विश्वासघातकी म्हटले. सोबत असलेला गास्पार दे कार्व्हाहाल हा धर्मगुरू, जो स्वतः त्रूहीयोचाच होता, त्याने लिहिलेल्या वृत्तांतात ओरेयानाची बाजू मांडली आहे. वाटेत लढणाऱ्या स्त्रियांशी गाठ पडल्याचे वर्णन याच वृत्तांतात असून त्यावरून नदीस ॲमेझॉन हे नाव पडले. दिएगो गार्सिया दे पारेदेस (१४६८–१५३३) हा इटलीतील युद्धांत गाजलेला, अचाट शक्तीसाठी ‘एस्त्रेमादुराचा सॅमसन’ म्हणून ओळखला जाणारा योद्धाही येथलाच. डॉन क्विक्झोटमध्ये त्याचा उल्लेख आहे. त्याच नावाच्या त्याच्या पुत्राने व्हेनेझुएलात त्रूहीयो नगर वसविले. होंडुरासमधील त्रूहीयो १५२५ मध्ये, तर पेरूमधील त्रूहीयो १५३४-३५ मध्ये स्थापन झाले. पेरूतील हे नगर आता मूळ गावाच्या अनेक पटींनी मोठे आहे. बोलिव्हियातील सांता क्रूस दे ला सिएरा हे १५६१ मध्ये वसविलेले शहरही नुफ्लो दे चावेसने त्रूहीयोजवळच्या आपल्या जन्मग्रामाच्या नावावरून नामांकित केले. (डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या राजधानीस १९३६ ते १९६१ या काळात असलेले ‘त्रूहीयो’ हे नाव मात्र तेथील हुकूमशहाचे होते, त्याचा या नगराशी संबंध नाही.)

प्रेक्षणीय स्थळे : नगराचे दोन भाग सहज ओळखू येतात. वरचा तटबंदीतील, शांत व अर्धवट ओसाड. खालचा चौकाभोवतीचा व वर्दळीचा. मुख्य चौक चढउताराच्या जमिनीवर असून त्याच्या वेगवेगळ्या पातळ्या रुंद पायऱ्यांनी जोडल्या आहेत. एका बाजूस सोळाव्या शतकातील सान मार्तीन चर्च, त्यासमोर सान कार्लोसच्या ड्यूकचा वाडा आहे. त्याच्या कोपऱ्यावर दोन मस्तकांच्या गरुडाचे विशाल चिन्ह असून छपरावरील विटांची नक्षीदार धुरांडी लक्ष वेधून घेतात. पिएद्रास आल्बासच्या मार्क्विसचा वाडा त्याच्या कमानदार ओवरीमुळे इटालियन प्रबोधनकालीन वास्तूची आठवण करून देतो. चौकातील फ्रान्सिस्को पिझारोचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा चार्ल्स केरी रम्झी या अमेरिकन शिल्पकाराचा असून तो १९२९ मध्ये बसविण्यात आला. त्याची दुसरी प्रत १९३५ मध्ये लिमा येथे उभारली गेली. परंतु मूळ रहिवाशांच्या भावनांचा प्रश्न पुढे आल्याने २००३ मध्ये ती तेथील मध्यवर्ती चौकाच्या परिसरातून हलविण्यात आली व जानेवारी २०२५ मध्ये वादविवादातच पुन्हा त्या परिसरात आणली गेली. त्रूहीयोतील पुतळा जागचा हललेला नाही.

चौकातून वर जाणाऱ्या गल्ल्या तटाच्या दरवाजांपाशी पोहोचतात. मूळच्या सात दरवाजांपैकी सान्तियागो, सान आंद्रेस, कोरिया व ‘विजय’ हे चार उरले आहेत. सांता मारिया ला मायोर हे येथील मुख्य चर्च तेराव्या शतकातील असून पंधराव्या-सोळाव्या शतकांत त्याची गॉथिक शैलीत पुनर्रचना झाली. वेदीमागील पट्ट सु. १४८५ मध्ये फेर्नांदो गायेगो या चित्रकाराने व त्याच्या साहाय्यकांनी रंगविला. त्यातील सु. २५ चित्रे कॅस्टीलमधील चित्रकलेवर त्या काळी पडलेल्या फ्लेमिश प्रभावाचा उत्तम नमुना आहेत आणि वाड्यांच्या गर्दीत बहुतेक प्रवासी ती घाईने पाहतात, ही खेदाची गोष्ट आहे. दिएगो गार्सिया दे पारेदेसची कबर येथेच आहे. चर्चचा जुना रोमनेस्क मनोरा १७५५ च्या लिस्बन भूकंपाने खिळखिळा झाला, पुढे उतरविला गेला आणि विसाव्या शतकात पुन्हा बांधण्यात आला. त्या वेळी एका पाथरवटाने एका स्तंभशीर्षावर बिलबाओच्या फुटबॉल संघाचे चिन्ह कोरून ठेवले, ते शोधण्याची प्रवाशांत अहमहमिका चालते. जवळच पिझारो घराण्याचे म्हणून दाखविले जाणारे घर असून त्यात लहान संग्रहालय आहे. ते खरोखर फ्रान्सिस्कोचे जन्मस्थान असण्याचा संभव कमी. मोलकरणीच्या मुलाचा जन्म वरच्या वस्तीत, सरदारांच्या घरात होण्याचे कारण नव्हते. फ्रान्सिस्कोचे अवशेष त्रूहीयोत नाहीत. १९७७ मध्ये लिमाच्या कॅथीड्रलखाली सापडलेल्या शिशाच्या पेटीतील कवटी त्याची असल्याचे तज्ञांनी ठरविले आहे.

सतराव्या शतकापासून नगरास उतरती कळा लागली. धनिक कुटुंबे माद्रिदला गेली. १८०९ मध्ये व त्यानंतर नेपोलियनच्या सैन्याने येथे मोठी नासधूस केली. मठांच्या मालमत्ता एकोणिसाव्या शतकात सरकारजमा झाल्यावर वरच्या वस्तीतील अनेक वास्तू ढासळल्या. औद्योगिक विकास येथे पोहोचलाच नाही आणि त्यामुळेच जुने नगर टिकून राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही कलाप्रेमींनी पडकी घरे घेऊन ती दुरुस्त केली. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाचे माजी संचालक हाव्हियेर दे सालास यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाने कोरिया दरवाजाजवळील मठाचे पुनरुज्जीवन करून तेथे अमेरिकेशी असलेल्या संबंधांविषयीचे संग्रहालय उभारले. सांता क्लारा मठात १९८४ मध्ये शासकीय प्रवासी निवास सुरू झाला. सध्या पर्यटन, पशुपालन व चीज-उत्पादन हे येथील प्रमुख व्यवसाय आहेत. मे महिन्याच्या आरंभी मुख्य चौकात भरणारे चीजचे राष्ट्रीय प्रदर्शन व ईस्टर रविवारचा ‘चीविरी’ हा लोकोत्सव यांस दूरदूरचे लोक येतात. किल्ल्याच्या तटांवर अलीकडे परदेशी दूरचित्रवाणी मालिकांचे चित्रण झाल्याने तरुण प्रवाशांची संख्या वाढली आहे. चर्चच्या मनोऱ्यांवर करकोच्यांची घरटी, तर बैलझुंजीच्या आखाड्याच्या छपरात लहान ससाण्यांची वसाहत असून या पक्ष्यांच्या रक्षणार्थ जुने नगर यूरोपीय संरक्षित पक्षिक्षेत्रांत समाविष्ट करण्यात आले आहे.